दमसास : गळा न ताणता गाणं शिकताना

एप्रिल सरता सरता आमच्या वस्तीतले निम्मे गळे बसलेले असतात. घोषणा देणारी पोरं, भाषणं करणारे कार्यकर्ते, रात्र रात्र जागून गाणाऱ्या गायन पार्ट्या, सगळ्यांचाच आवाज घोगरा. कोणी खडीसाखर चघळतं, कोणी ज्येष्ठमध, कोणी मेडिकलमधून गोळी आणतं. पंधरा दिवसांत आवाज परत येतो आणि विषय तिथेच संपतो. दोन वर्षांपूर्वी माझा आवाज परत आलाच नाही.

मी पेशाने परिचारिका. सतरा वर्षं वॉर्डात काढली आणि मग नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करू लागले. एखाद्या रुग्णाने केलं असतं तर मी त्याला रागावले असते, ते सगळं मी स्वतः केलं. बसलेल्या गळ्याने सभा घेतल्या. आवाज निघेना तेव्हा कुजबुजत बोलले. पाच आठवडे अंगावर काढले आणि मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून माझेच स्वरतंतू मला पडद्यावर दाखवले. दोन्ही तंतूंच्या कडेला, अगदी समोरासमोर, कणीएवढ्या दोन गाठी. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका सिस्टर, हा कॅन्सर नाही. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे हे. ऑपरेशन नको. बोलायची पद्धत बदला."

मग वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंकडे दीड-दोन महिने व्यायाम केले. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता एखाद्या चांगल्या गुरूकडे शास्त्रीय गाणं शिका. यातलं पुष्कळसं तिथे रोजच करून घेतात."

हे ऐकून मी गप्प झाले, कारण त्या दारातून मी एकदा परत फिरलेली होते. बारा वर्षांची असताना वडिलांनी मला तालुक्याच्या गावी एका गाण्याच्या क्लासला नेलं होतं. मास्तरांनी एक गाणं म्हणायला लावलं, मग आडनाव विचारलं, मग राहता कुठे ते विचारलं. म्हणाले, "हिचा गळा मोकळा आहे, मैदानी आहे. तुमच्या शाहिरीला चांगला. शास्त्रीय झेपायचं नाही हिला." वडील काही बोलले नाहीत. एसटीत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. शास्त्रीय गाण्याला लागणारा गळा वेगळा असतो, आपल्याकडे तो नसतो, हे मी पुढची तीस वर्षं खरं धरून चालले.

दुर्बिणीच्या पडद्यावर मात्र मला फक्त स्वरतंतू दिसले. ते सगळ्यांना सारखेच असतात. म्हणून हा लेख.

गळ्यात नेमकं काय घडतं

मानेच्या पुढच्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या आत स्वरयंत्र आहे. त्यात आडवे ताणलेले दोन नाजूक पडदे म्हणजे स्वरतंतू. बाईचे साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांबीचे, पुरुषाचे पावणेदोन ते अडीच. श्वास घेताना ते उघडतात. बोलताना, गाताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरतात. बाया गाताना अनेकदा काळी चार ही पट्टी घेतात. त्या पट्टीतला मधला सा लावला की हे पडदे सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात. वरच्या सा ला दुप्पट, ४१५ वेळा. म्हणजे तासभर सलग गायलं तर काही लाख वेळा. ही आपट हलकी असेल तर पडदे वर्षानुवर्षं टिकतात. जोराची असेल तर आधी सूज येते आणि मग घट्टे.

गंमत अशी की जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू नीट पाहण्याची रीत एका गाण्याच्या मास्तरांनी शोधली. मॅन्युएल गार्सिया हे त्यांचं नाव. १८५४ साली त्यांनी दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला आणि सूर्याचा उजेड परावर्तित करून स्वतःचाच गळा पाहिला. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते निरीक्षण मांडलं गेलं. घशाच्या तपासणीला वैद्यकात त्यानंतर खरा वेग आला.

आपल्याकडेही प्राध्यापक बी. आर. देवधर यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी आवाज जोपासण्याचा शास्त्रीय अभ्यास केला. मुंबईत गिरगावात त्यांचं संगीत विद्यालय होतं.

"बेंबीपासून गा" म्हणजे काय

गाण्याच्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, "सिस्टर, सूर बेंबीपासून आला पाहिजे." मला बेंबीच्या देठापासून ओरडणंच माहीत होतं, मी तसाच सूर काढला. बाईंनी कानावर हात ठेवले.

शरीरशास्त्र शिकलेल्या बाईला हे वाक्य आधी खटकतं. हवा पोटात जातच नाही. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा स्नायूंचा पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकून सपाट होतो. खालच्या आतड्यांना जागा हवी म्हणून पोट पुढे येतं. त्याच वेळी खालच्या फासळ्या बाजूला फाकतात. श्वास सोडताना पटल सैल होऊन वर जातं, फासळ्या मिटतात, पोट आत जातं. "बेंबीपासून" याचा अर्थ एवढाच की श्वासाचं काम इथे, कमरेच्या वर आणि छातीच्या खाली चालावं. खांदे आणि मान यांनी त्यात पडू नये.

आता हवेचा हिशेब बघा. शांत बसलेला माणूस एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा घेतो. मोठ्यात मोठा श्वास घेऊन पूर्ण सोडला तर निरोगी बाई सुमारे तीन लिटर आणि पुरुष चार-साडेचार लिटर हवा बाहेर टाकू शकतो. एक ओळ गायला ही हवा भरपूर आहे. तरी ओळ पुरत नाही, कारण आपण पहिल्या दोन शब्दांतच ती उधळतो. एक तारखेलाच निम्मा पगार उडवला की महिनाअखेर उसनवारी ठरलेली, तसंच.

छाती भरल्याबरोबर फासळ्या मिटायला बघतात. त्यांना लगेच मिटू न देता, फाकलेल्या अवस्थेतच धरून, पोटाच्या स्नायूंनी हवा हळूहळू वर सोडणं म्हणजे श्वासाचा आधार. जुने गवई त्यालाच दमसास कमावणं म्हणतात. हा आधार नसेल तर हवा एकदम वर धावते आणि ती अडवायला गळा स्वतःला आवळून घेतो. मग मानेच्या शिरा फुगतात, हनुवटी वर जाते, आवाज चिरका होतो. म्हणजे श्वासाचं काम गळा करत असतो. म्हणूनच नुसतं "गळा सैल सोड" असं सांगून तो सैल सुटत नाही. आधी खाली श्वास सांभाळला गेला की वर गळ्याला आवळायचं कारण उरत नाही. ही एक गोष्ट कळायला मला तीन महिने लागले.

वॉर्डात आम्ही हेच वेगळ्या नावाने शिकवायचो. पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या हातात तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र देऊन "ओढा, ओढा, गोळी वर धरून ठेवा" म्हणायचो. दम्याच्या रुग्णाला ओठांचा चंबू करून सावकाश हवा सोडायला लावायचो. तेव्हा हे गाण्याच्याही कामाचं आहे, असं कधी मनात आलं नाही.

आणखी एक वॉर्डातली गोष्ट. रुग्णाचे श्वास मोजताना आम्ही त्याला सांगत नाही. नाडी बघतोय असं दाखवतो आणि छातीकडे बघतो. सांगितलं की श्वास बदलतो. विहारात आनापानसतीला बसणाऱ्या वाचकांना हे ठाऊक असेल. तिथे श्वास जसा आहे तसा जाणायचा असतो. गाण्यात तो वळवावा लागतो. पण वळवण्याआधी आपला श्वास कुठे अडतो ते दिसावं लागतं, आणि तेवढ्यापुरती ती सवय फार उपयोगी पडते.

दोन गळ्यांची गोष्ट

"शास्त्रीय गळा" नावाचा एकच साचा नसतो, हे दोन मोठ्या कलावंतांकडे बघून कळतं.

गंगूबाई हनगल १९१३ साली धारवाडला जन्मल्या. गाणारणीच्या घरात. लहानपणी शेजारच्या श्रीमंताच्या बागेत त्या आंबे तोडताना सापडल्या. आंबे गेल्यापेक्षा गाणारणीची मुलगी बागेत शिरली, याचा त्या माणसाला जास्त संताप आला. पुढे त्यांनी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे किराणा घराण्याचं गाणं शिकून घेतलं. तरुणपणी त्यांचा आवाज बारीक होता. टॉन्सिलच्या उपचारानंतर तो जाड झाला, इतका की नुसतं ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. त्यांनी तो बारीक करण्याच्या मागे न लागता आहे त्याच आवाजात भारदस्त, स्थिर गाणं उभं केलं. २००९ साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

दुसरे कुमार गंधर्व. हे देवधरांचेच शिष्य. ऐन तारुण्यात त्यांना क्षयरोग झाला. १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला राहायला गेले आणि काही वर्षं अंथरुणाला खिळून होते. गाण्याला बंदी होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवीन आलं होतं, त्याने ते बरे झाले. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. १९५०च्या दशकात ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा लांबलचक ताना घेण्याइतका दम नव्हता. त्यांनी छोट्या छोट्या स्वरवाक्यांचं, मध्ये श्वासाला जागा देणारं गाणं घडवलं आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ते गायले. क्षयरोगाचे रुग्ण सांभाळलेल्या माणसाला ही गोष्ट फार मोठी वाटते. मिळालेल्या हवेत काम कसं भागवावं, हे या माणसाकडून शिकावं.

रोजची पंधरा मिनिटं

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. हे व्यायाम मी स्वतः रोज करते. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी करावेत. चक्कर आली तर थांबावं. नुकतं पोटाचं ऑपरेशन झालंय, हर्निया आहे, हृदयविकार आहे, रक्तदाब फार वाढलेला असतो, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं आणि श्वास कोंडून धरू नये.

पहिलं, उताणं झोपून. गुडघे दुमडा, पोटावर एक पुस्तक ठेवा. नाकाने श्वास घ्या, पुस्तक वर जाईल. सोडा, खाली येईल. खांदे हलता कामा नयेत. दोन मिनिटं.

दुसरं, उभं राहून. दोन्ही तळवे खालच्या फासळ्यांवर. श्वास घेताना तळवे बाजूला ढकलले गेले पाहिजेत. मग दातांतून "स्स्स" असा बारीक आवाज करत हवा सोडा. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा हवा. सुरुवातीला दहा सेकंद पुरे. माझी सुरुवात आठवर झाली, आज बावीसवर आहे. सेकंद वाढवायच्या नादात शेवटी पिळवटून हवा काढू नका. थोडी हवा शिल्लक असतानाच थांबा.

तिसरं, ओठांची फुरफुर. लहान मुलं गाडी चालवताना ओठ फुरफुरवतात, तसं. त्यातच सूर लावा आणि खालून वर, वरून खाली न्या. जमत नसेल तर अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवून त्यातून "ऊ" म्हणत बुडबुडे काढा. तोंड अर्धवट बंद असल्यामुळे मागे हवेचा हलका दाब राहतो आणि स्वरतंतू कमी जोराने आपटतात. माझ्या गाठी उतरायला सगळ्यात जास्त मदत याची झाली. तीन मिनिटं.

चौथं, गुंजन. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. "म्" म्हणत सा धरा. ओठांना, नाकाच्या हाडाला झिणझिण्या जाणवल्या म्हणजे सूर बरोबर लागला. त्याच श्वासात ओठ उघडून "आ" करा. जबडा खाली पडू द्या, जांभई येताना पडतो तसा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकलेलं असू द्या.

पाचवं, सा वरून खाली. नि, ध, प असं सावकाश मंद्र सप्तकात उतरा. याला खर्जाचा रियाज म्हणतात, तो सकाळी करावा. खाली जाताना आवाज दाबून जाड करू नका. जिथे तो आपोआप हवेत विरतो, तिथून परत फिरा. बाईने पुरुषाइतकं खाली जायची गरज नाही.

हे सगळं आरशासमोर करा. मानेच्या शिरा दिसल्या, भुवया वर गेल्या, हनुवटी पुढे आली की समजा गळा आवळला. थांबा, मान सैल करा, पुन्हा सुरू करा. तानपुऱ्याचं फुकट अ‍ॅप मोबाइलवर मिळतं, ते लावून ठेवा. माझ्या बाईंनी पहिला महिना मला फक्त सा दिला. कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. पण पाया तिथेच पडला.

पार्टीतल्या मुलीची पट्टी

आमच्या वस्तीतली एक एकोणीस वर्षांची मुलगी गायन पार्टीत गाते. गळा गोड. मागच्या हंगामात ती रोज रात्री चार-चार तास गायली. ढोलकी, बेंजो, समोर मोठे स्पीकर, आणि स्टेजवर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. तीही चढवत गेली. मे महिन्यात तिचा बोलण्याचा आवाज फाटला आणि ती रडत माझ्याकडे आली. "ताई, माझं गाणं गेलं तर घर कसं चालायचं?" बिदागीवर तिच्या धाकट्या भावाची फी भरली जाते.

डॉक्टरांना दाखवलं. गाठी नव्हत्या, सूज होती. दहा दिवस मौन, मग वरचे व्यायाम, मग माझ्याच बाईंकडे आठवड्यातून दोनदा तालीम. खरी अडचण पुढे आली. बाई म्हणाल्या, हिची पट्टी दीड स्वर खाली आणा. पार्टीचे दादा तयार होईनात. "पट्टी उतरवली तर जोर काय राहणार? समोरची पार्टी हसेल." त्यांचंही चूक नव्हतं. वरच्या पट्टीत गाणं ही सामन्यातली इभ्रत असते. मी त्यांना दुर्बिणीतले माझ्या गाठींचे फोटो दाखवले. म्हटलं, दादा, हिचं वय एकोणीस आहे, अजून तीस वर्षं गायचंय तिला.

शेवटी असं ठरलं की निम्मी गाणी खालच्या पट्टीत, स्टेजवर गायकांच्या तोंडाकडे एक छोटा मॉनिटर स्पीकर, आणि दर चाळीस मिनिटांनी कोरसने किंवा दुसऱ्या गायकाने एक गाणं घ्यायचं. या एप्रिलमध्ये ती बारा कार्यक्रम गायली. शेवटच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला फोन केला. आवाज स्वच्छ होता. खालच्या पट्टीत शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात, असं आता दादाच इतरांना सांगतात.

माझं म्हणाल तर दोन गाठींपैकी एक गेली, दुसरी बारीक झाली आहे. वरच्या सप्तकात मी अजून चाचरते. पण यमनमधली एक बंदिश गळा न दुखवता पूर्ण म्हणते. वडील आता नाहीत. त्यांना ती ऐकवायची होती.

हे टाळा, आणि हे दुर्लक्षू नका

गळा बसला की कुजबुजणं बंद करा. कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो. बोलायचंच तर हळू, नेहमीच्या आवाजात बोला. सारखा घसा खाकरू नका. गुळण्यांनी घशाला बरं वाटतं, पण त्यांचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. गिळलेलं काहीच तिथे जात नाही, गेलं तर ठसका लागतो. म्हणून गोळ्या-चाटणांपेक्षा दिवसभर पाणी पिणं आणि साध्या पाण्याची वाफ घेणं बरं. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवं होऊ नका, आम्लपित्त वर येऊन स्वरयंत्राला भाजतं. विडी, तंबाखू, गुटखा आणि बायकांनो, मिश्री, हे सोडल्याशिवाय गळा सांभाळण्याच्या गप्पा फोल आहेत.

आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी. थुंकीतून रक्त, गिळताना त्रास, मानेत गाठ असेल तर तीन आठवडेही थांबू नका. श्वास घेताना धाप किंवा घरघर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात.

१४ एप्रिलनंतर दोनच दिवसांनी, १६ एप्रिलला, जागतिक आवाज दिन असतो. पण गळ्याची तयारी त्याच्या किती तरी आधी, जानेवारीतच सुरू करायला हवी. आमच्या विहाराच्या सभागृहात दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दहा-बारा जणी जमतो. एक तानपुऱ्याचं अ‍ॅप, बारा ग्लास, बारा स्ट्रॉ. खर्च जवळजवळ काहीच नाही. तुमच्याकडेही असं सुरू करता येईल. ज्यांना लहानपणी कोणी "तुला झेपायचं नाही" म्हटलं असेल, त्यांना आधी बोलवा.

काही शंका असल्यास आरोग्य पानाच्या पत्त्यावर जरूर लिहा. जय भीम!